कडुनिंबाचा पाला, जस्ताची भुकटी आणि आपली साख

आपल्या यंत्रमागाच्या गावांत अलीकडे एक नवा विक्रेता फिरू लागला आहे. तो सूत विकत नाही, रंग विकत नाही, मागाचे सुटे भागही विकत नाही. त्याच्या बॅगेत दुधासारख्या पांढऱ्या द्रावणाची बाटली असते आणि फोनमध्ये काचेच्या गोल बशांचे फोटो असतात. पेढीवर बसून चहा घेता घेता तो सांगतो, "शेठ, हे नॅनो झिंक ऑक्साइड आहे. कडुनिंबाच्या पाल्यापासून बनवले आहे. कपड्याला लावा, जंतू मरतात. शंभर टक्के हर्बल आहे. धुतले तरी जात नाही. मीटरमागे खर्च थोडा आणि भाव मात्र वेगळाच मिळेल."

सुताचे भाव आज एक, उद्या एक. कोऱ्या कपड्यात मीटरमागे चार पैसे सुटले तरी नशीब समजावे, अशी आपली अवस्था. अशा वेळी हे बोल कानाला गोड लागतात. माझ्याही कानाला ते गोड लागले होते. म्हणूनच या विषयावर आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी काही लिहावे असे वाटले. मी शास्त्रज्ञ नाही. तीस वर्षे कापडाच्या खरेदी-विक्रीत घालवलेला माणूस आहे आणि या प्रकरणात हात भाजून घेतलेला माणूस आहे.

झाले ते असे. मी अशाच एका विक्रेत्याकडून दोन कॅन घेतले. एका प्रोसेस हाउसमधून दोनशे डझन टॉवेलना ते लावून घेतले. 'हर्बल जंतुनाशक' असे छापलेले लेबल शिवले आणि रुग्णालयांना माल पुरवणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला चांगल्या भावाने विकले. त्या गिऱ्हाइकाने शहाणपणा केला. त्याने एक टॉवेल न धुता आणि एक टॉवेल दहा वेळा धुऊन प्रयोगशाळेत पाठवला. न धुतलेला पास झाला. धुतलेल्यात आणि साध्या टॉवेलात काहीही फरक निघाला नाही. माल परत आला. विक्रेत्याचा फोन बंद लागला. पैसे गेले त्याचे दुःख आहेच, परंतु पंधरा वर्षांचा गिऱ्हाईक एवढेच म्हणाला, "तुम्ही तपासून घेतले नव्हते काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. चूक विक्रेत्याची होती तशी माझीही होती. मी जे समजून न घेता विकले, ते मला समजून घ्यावे लागले. ते येथे मांडतो.

हे नेमके आहे काय?

झिंक ऑक्साइड म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी. जस्त हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे, म्हणून आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांना तो परका नाही. खाजेवर लावायचे गुलाबी कॅलामाइन लोशन, लहान मुलांच्या पुरळाचे मलम, सायकलच्या टायरचे रबर, या सगळ्यांत ही भुकटी असते. म्हणजे वस्तू जुनीच आहे. नवे आहे ते तिचे माप.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर एवढ्या कणांना नॅनो कण म्हणतात. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. एवढे बारीक करण्याचा फायदा काय? एक मिलिमीटरचा दाणा घेऊन त्याचे १०० नॅनोमीटरचे तुकडे केले, तर वजन तेवढेच राहते, पण बाहेरचा पृष्ठभाग दहा हजार पटीने वाढतो. जंतूंशी गाठ पडते ती पृष्ठभागाचीच. त्यातून जस्ताचे आयन सुटतात, प्रकाशात क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो आणि जंतूच्या आवरणाला इजा होते. तांब्याचे ऑक्साइडही अशाच मार्गाने काम करते. तांब्याचा हा गुण लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणी केली.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट असावी. हे विज्ञान खोटे नाही. जस्ताचे आणि तांब्याचे बारीक कण जंतूंवर काम करतात, हे खरे आहे. खोटे असते ते विक्रेत्याने त्याला जोडलेले शेपूट.

पाला काय करतो आणि भट्टी काय करते?

पाल्यापासून नॅनो कण बनवण्याच्या कामात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून सोन्याचे आणि चांदीचे नॅनो कण तयार केले आणि ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सोने-चांदीच्या क्षारातून धातू मोकळा करण्याचे काम पाल्यातली द्रव्ये खरोखरच करतात. घातक रसायनाऐवजी पाला वापरता आला, हे त्या कामाचे महत्त्व होते. त्यानंतर जगभर तुळस, कोरफड, पेरू, जास्वंद, चहा अशा किती तरी वनस्पतींवर प्रयोग झाले आणि चांदीवरून लोक जस्त, तांबे, टायटॅनियम यांच्या ऑक्साइडकडे वळले.

आता जस्ताची रीत पाहा. पाला धुऊन पाण्यात उकळतात आणि गाळून घेतात. त्या काढ्यात झिंक असिटेट किंवा झिंक नायट्रेट हा जस्ताचा क्षार मिसळतात. बरेचदा थोडा कॉस्टिकही घालावा लागतो. गाळ खाली बसतो. तो धुऊन वाळवतात आणि पुष्कळदा ३०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. शेवटी पांढरी भुकटी हाती येते.

या रीतीतून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, जस्त पाल्यातून येत नाही. ते खाणीतून निघते, कारखान्यात त्याचा क्षार होतो आणि ते पोत्यातून येते. १ किलो झिंक ऑक्साइड हवे असेल तर हिशोबाने २ किलो ७०० ग्रॅम झिंक असिटेट लागते. दुसरी, पाल्यातले टॅनिन आणि तशीच इतर द्रव्ये जस्ताला धरून ठेवतात आणि कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती आवरण करतात. हे काम उपयोगाचे आहे. परंतु चांदीत पाला जे करतो ते जस्तात करत नाही; गाळाचे ऑक्साइड करण्याचे काम मुख्यतः कॉस्टिक आणि उष्णता यांचे असते. आणि तिसरी, ५०० अंशांच्या भट्टीत पाला शिल्लक राहत नाही. तो जळून जातो. उरते ते झिंक ऑक्साइड, रासायनिकदृष्ट्या तेच जे कारखान्यात बनते. मग टॉवेलवर 'कडुनिंबयुक्त' असे कोणत्या तोंडाने छापायचे?

आपल्यातल्या ज्यांनी हकिमांचे दवाखाने पाहिले आहेत, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. युनानीत कुश्ता करतात तो असाच: धातू वनस्पतीच्या रसात घोटायचा आणि आच द्यायची. आयुर्वेदातले यशद भस्म हेही मुख्यतः झिंक ऑक्साइडच असते. त्यामुळे विक्रेता जेव्हा "हे आपल्या बुजुर्गांचे ज्ञान आहे" असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याचे मन पाघळते. परंतु हकीम कुश्ता देत असे तो रोग्याची नाडी पाहून, गुंजेच्या मापाने. त्यावरून टॉवेलची धुलाई किती टिकेल, याचा काही पुरावा मिळत नाही.

रंगरेजाला हे आधीच ठाऊक होते

कापडावर धातू बसवणे हा आपल्या कारागिरांचा जुनाच हुन्नर आहे. अजरखचे काम करणारे कच्छचे खत्री कारागीर कापड आधी हिरड्यात बुडवतात. मग लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या लुगदीने छापले की काळा रंग उठतो आणि तुरटीने छापून मंजिष्ठात उकळले की लाल. हिरड्यातले टॅनिन सुताला धरते आणि धातू टॅनिनला धरतो. म्हणून तो रंग वर्षानुवर्षे टिकतो. वनस्पती, धातू आणि सूत यांचे नाते आपल्या रंगरेजांनी सूक्ष्मदर्शक न पाहता ओळखले होते.

या जुन्या हुन्नरातून एक धडा मिळतो. धातू कापडावर असणे वेगळे आणि धातू कापडाला धरून असणे वेगळे. माझ्या टॉवेलवर जस्त होते, पण ते सुताला धरून नव्हते. पॅडिंगच्या यंत्रातून द्रावणात बुडवून पिळले, वाळवले आणि संपले. त्यात बाइंडर बरोबर नव्हता, नंतर स्टेंटरवर पुरेशा तापमानाला भाजणी झाली नव्हती. पहिल्या चार धुलाईत भुकटी गटारात गेली. यात नवलही नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये नॅनो चांदीच्या मोज्यांवर असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. बाजारातले मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तर काहींतली जवळजवळ सगळी चांदी चार धुलाईतच निघून गेली. ज्यांच्यात चांदी नीट बसवली होती, त्यांच्यातून फारच कमी गेली. म्हणजे प्रश्न धातूचा नसून तो बसवण्याच्या हुन्नराचा आहे.

आपल्या जवळचे एक चांगले उदाहरणही आहे. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्राव्य स्टार्चच्या आधाराने, पाण्यातच, झिंक ऑक्साइडचे नॅनो कण बनवून सुती कापडाला लावल्याचे काम प्रसिद्ध केले. जंतूंना रोखणे आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणे, असे दोन्ही गुण त्या कापडात आले. स्टार्च म्हणजे आपल्या सायझिंगवाल्यांची रोजची खळ! वनस्पतीचा उपयोग असा साधा, मोजता येणारा आणि दर वेळी सारखाच निघणारा असू शकतो. पाल्याचे तसे नसते. पावसाळ्यातला पाला वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. कोवळा वेगळा, जून वेगळा. आपण कापसाच्या जातीवरून आणि सुताच्या काउंटवरून भांडणारे लोक. रंगाच्या दोन लॉटमध्ये थोडी छटा बदलली तरी माल परत येतो. मग ज्याचा काढा दर महिन्याला बदलतो, त्याचा लॉट सारखा येईल हे कसे धरून चालावे?

काचेच्या बशीतले वर्तुळ

विक्रेत्याच्या फोनमधला फोटो आठवा. बशीत जंतूंची दाट साय, मध्ये कापडाचा तुकडा आणि त्याच्या भोवती स्वच्छ वर्तुळ. हा फोटो पाहून मी फसलो. ते वर्तुळ उठते याचा अर्थ कापडातले द्रव्य बाहेर झिरपत आहे. जे बशीत झिरपते ते बादलीतही झिरपणार. वर्तुळ जेवढे मोठे, तेवढी धुलाईची शंका मोठी. उलट ज्या कापडात धातू पक्का बसला आहे, त्याच्या भोवती वर्तुळ दिसणारही नाही. जंतू फक्त कापडाला लागले तेथेच मरतील. म्हणून या चाचणीवर सौदा करू नये.

व्यवहाराला उपयोगी चाचणी मोजणीची असते. एएटीसीसी १०० आणि आयएसओ २०७४३ या तिच्या प्रसिद्ध पद्धती आहेत. त्यांत कापडावर मोजून जंतू सोडतात, साधारण एक दिवस ठेवतात आणि किती उरले ते मोजतात. समजा, १ लाख जंतू सोडले. अहवालात ९९ टक्के घट लिहिली असेल तर १,००० जंतू जिवंत उरले. ९९.९ टक्के लिहिली असेल तर १०० उरले. कागदावर एका टक्क्याहूनही कमी फरक दिसतो आणि प्रत्यक्षात तो दहा पटींचा असतो. व्यापाऱ्याने हे आकडे रोकडवहीसारखे वाचायला शिकले पाहिजे.

अहवालात आणखी तीन गोष्टी शोधाव्यात. एक, त्याच जातीच्या, काहीही न लावलेल्या कापडाची चाचणी सोबत आहे काय? नसेल तर जंतू भुकटीने मेले की नुसते सुकून मेले, ते कळत नाही. दोन, बाजारातली साधी झिंक ऑक्साइडची भुकटी त्याच मापाने लावून पाहिली आहे काय? साध्या भुकटीनेच तेवढे काम होत असेल, तर 'हर्बल नॅनो'चा जादा भाव कशाबद्दल द्यायचा? तीन, किती धुलाईनंतरचा आकडा आहे? धुलाईचा उल्लेख नसलेला अहवाल टॉवेल, चादर आणि मोजे यांच्या धंद्यात रद्दीच्या किमतीचा आहे.

हिशोबाची पाटी

थोडा पडताही काढून पाहू. समजा, १०० किलो टॉवेल आहेत आणि पॅडिंगमध्ये कापड आपल्या वजनाच्या ७० टक्के द्रावण उचलते. म्हणजे ७० लिटर द्रावण. लिटरमागे १० ग्रॅम झिंक ऑक्साइड धरले तर ७०० ग्रॅम भुकटी कापडावर गेली. त्यासाठी पाल्याच्या पद्धतीने सुमारे १ किलो ९०० ग्रॅम झिंक असिटेट लागेल. शिवाय पाला, पाणी, गाळणी, भट्टीचे इंधन, मजुरी. त्यावर बाइंडर, सुकवणे, भाजणी, चाचणीची फी आणि नापास लॉटची तूट धरा. विक्रेता फक्त कॅनचा भाव सांगतो. बाकीचे सगळे आपल्या खात्यावर पडते. हे सर्व धरूनही गिऱ्हाईक जास्त भाव देत असेल, तर धंदा आहे. नसेल तर केवळ हौस आहे.

या हिशोबात एक रकमेचा खर्च नेहमी राहून जातो, तो पाण्याचा. झिंक ऑक्साइड पाण्यातल्या जिवांना फार विषारी मानले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात जस्त लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि तांबे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. वरच्याच द्रावणातले २० लिटर उरले आणि कोणी ते गटारात ओतले, तर २०० ग्रॅम भुकटी गेली. तिच्यातले जस्त त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला सुमारे ३२ हजार लिटर पाणी लागेल. पाल्यापासून बनले म्हणून ते पाण्याला हर्बल होत नाही. त्याच गटाराच्या काठी आपल्याच मागवाल्यांची घरे आहेत, हे विसरता कामा नये.

कामगारांचेही तसेच. मागावर आधीच सुताचा कुंधा छातीत जातो. त्यात कोरडी नॅनो भुकटी उघड्या खोलीत ढवळायला कोणाला बसवणे हा जुलूम आहे. माल घ्यायचाच तर पातळ, तयार द्रावणाच्या रूपात घ्यावा. भुकटीचे पोते गोदामात आणूच नये.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. युरोपात जनावरांच्या पिलांना औषध म्हणून खाद्यातून दिले जाणारे झिंक ऑक्साइड जून २०२२ पासून बंद झाले. जमिनीत जस्त साठते आणि औषधांना दाद न देणारे जंतू वाढण्याचा धोका आहे, ही त्यामागची कारणे होती. जंतूही धातूला तोंड द्यायला शिकतात. म्हणून गरज नसेल तेथे, केवळ लेबलासाठी, प्रत्येक लुंगीला आणि प्रत्येक रुमालाला हे लावत सुटणे शहाणपणाचे नाही. घरात वापरायच्या कपड्याला साबण, गरम पाणी आणि कडक ऊन पुरेसे आहे.

लेबलावरचा एक शब्द

आता कायद्याची बाजू, कारण बेसावध व्यापारी येथेच सापडतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. "माल मी कुठे बनवला?" हा बचाव चालत नाही. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचा छाप लावणाराही या कायद्याच्या व्याख्येत उत्पादकच आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने पर्यावरणाबाबतच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार 'नैसर्गिक', 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असे शब्द वापरायचे तर त्यांना पुरावा आणि खुलासा हवा.

निर्यातीचा रस्ता याहून अरुंद आहे. युरोपीय संघाचा जैवनाशक द्रव्यांचा नियम ५२८/२०१२ हा १ सप्टेंबर २०१३ पासून लागू आहे. जंतुरोधक द्रव्य लावलेल्या बाहेरून येणाऱ्या कापडालाही तो लागतो. द्रव्य त्यांच्या मान्य किंवा विचाराधीन यादीत त्या वापरासाठी असले पाहिजे. आणि जंतुरोधक असल्याचा दावा केला, तर द्रव्याचे नाव लेबलावर द्यावे लागते. ते नॅनो असेल तर नावापुढे कंसात 'नॅनो' असेही लिहावे लागते. अमेरिकेत भेद आणखी बारीक आहे. "या द्रव्यामुळे कापडाला वास येत नाही, कापड खराब होत नाही", असे कापडाच्या रक्षणाबद्दल म्हणण्याची सवलत नोंदलेल्या द्रव्याला मिळते. "हे कापड तुम्हाला रोगापासून वाचवते", असे माणसाच्या रक्षणाबद्दल म्हटले की त्या मालाचीच नोंदणी लागते. आणि आपल्या देशात जखमेची पट्टी किंवा ड्रेसिंग बनवायचे म्हटले, तर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली परवान्याचा विषय येतो. तो कापडाचा साधा धंदा राहत नाही.

२०२०-२१ च्या महामारीच्या काळात विषाणू मारणारे शर्टिंग, विषाणू मारणारे मास्क यांचा बाजारात कसा पूर आला होता, ते आपण पाहिले. आज ती लेबले कोठे दिसतात? भीतीवर विकलेला माल भीती ओसरली की गोदामात पडून राहतो.

मग करावे काय?

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की हा धंदा करूच नये. माझे म्हणणे तसे नाही. मोजे, बुटाचे अस्तर, खेळाडूंचे कपडे, रोज धुता न येणारे रुग्णालयाचे पडदे, अशा ठिकाणी या कापडाला खरी गरज आणि खरा भाव आहे. कोरा कपडा विकून आपण कायम दुसऱ्याच्या नफ्याचे हमाल राहायचे काय, हा प्रश्नही खराच आहे. फिनिशिंगचा हुन्नर आपल्या गावांत आला पाहिजे. पण तो समजून उमजून आला पाहिजे.

त्यासाठी माझ्या अनुभवातून काही सूचना करतो. एकट्या मागवाल्याला चाचणीची फी जड जाते. पाच-दहा व्यापाऱ्यांनी मिळून एक नमुना तपासून घेतला तर ती हलकी होते. मुंबईत घाटकोपरला बॉम्बे टेक्सटाइल रिसर्च असोसिएशन आहे, माटुंग्याला वर सांगितलेली कापूस संस्था आहे, कोइम्बतूरला साउथ इंडिया टेक्सटाइल रिसर्च असोसिएशन आहे. या संस्था आपल्यासारख्यांसाठीच आहेत. दार ठोठावायला संकोच करू नये. नमुना विक्रेत्याने दिलेला नसावा; आपल्याच कापडावर, आपल्याच प्रोसेस हाउसमध्ये लावलेला असावा. सौद्याच्या कागदावर द्रव्याचे नाव, प्रमाण आणि "इतक्या धुलाईनंतर इतकी घट" असे लिहून घ्यावे आणि अर्धी रक्कम अहवाल येईपर्यंत राखून ठेवावी. जो खरा असेल तो या अटी मान्य करील. जो निघून जाईल, त्याच्या जाण्यातच आपला नफा आहे.

दुसरे, आपल्या मुलांकडे पाहा. आपल्या घरांतून आज रसायनशास्त्राच्या, सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्या घेतलेली मुले-मुली निघत आहेत आणि पदवी भिंतीवर टांगून नोकरीची वाट पाहत आहेत. त्यांना पेढीवर नुसते बिल लिहायला बसवू नका. अहवाल वाचायला, प्रयोगशाळेशी बोलायला, द्रावणाचे माप ठेवायला बसवा. मला त्या आकड्यांचा अर्थ माझ्या भाचीने समजावून सांगितला. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आहे आणि माल विकण्याआधी तिला विचारावे, असे मला सुचले नव्हते.

तिसरे, लेबलावर तेवढेच लिहावे जेवढे सिद्ध झाले आहे. 'जंतुनाशक' आणि 'जंतुरोधक' हे दोन वेगळे शब्द आहेत; एक मारतो, दुसरा वाढू देत नाही. "झिंक ऑक्साइड फिनिश, २० धुलाईपर्यंत तपासलेले" एवढी साधी ओळ, अहवाल हाताशी असेल तर, कोणत्याही 'हर्बल चमत्कारा'पेक्षा जास्त दिवस चालेल. मालातला ऐब सांगून विकावा, ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. मालातला गुण वाढवून न सांगणे हा त्याच रीतीचा दुसरा भाग आहे.

ते दोनशे डझन टॉवेल मी लेबले उसवून साध्या भावाने विकले. टॉवेल चांगलेच होते. त्यांच्यावर शिवलेली ओळ तेवढी खोटी होती. त्या गिऱ्हाइकाकडे मी सहा महिन्यांनी पुन्हा गेलो, या वेळी साधा माल आणि धुलाईचा अहवाल घेऊन. त्याने ऑर्डर दिली ती पूर्वीच्या निम्मी. बाकीची निम्मी मिळवायला किती वर्षे लागतील, ते मला सांगता येत नाही. तुमच्या पेढीवर ती पांढरी बाटली येईल तेव्हा त्या निम्म्या ऑर्डरची आठवण ठेवा आणि चहा पाजून आधी धुलाईचा आकडा विचारा.